चाकाची ओढ आणि चाकाची पकड



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वसंत व्याख्यानमालांत ज्ञानेश्वरीवर बोलणे झाले, शिवचरित्रावर झाले, राज्यघटनेवर आणि शेतीवर झाले. अशा थोर विषयांच्या पंगतीत आज मी मोटारीचे टायर घेऊन बसलो आहे. मी विद्वान नव्हे. तीस वर्षे मुलांना मोटारदुरुस्ती शिकवली आणि त्याहून अधिक वर्षे मोटारीखाली आडवा पडून काढली, एवढीच माझी पुंजी. त्या पुंजीतून आपल्या उपयोगी पडेल असे काही देता आले, तर चालकांनी मला बोलावल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

विषयपत्रिकेवर ‘हिवाळ्यातील गाडी’ असे शब्द वाचून काही मंडळी हसली असतील. बाहेर वैशाख तापला आहे, आणि हा गृहस्थ अहमदपुरात बर्फाची गोष्ट सांगणार! परंतु हा प्रश्न मला कोणी विलायतेतून पाठवलेला नाही. तो आपल्याच घरांतून आला आहे. आपली मुले-मुली आज कॅनडात, अमेरिकेत, जर्मनीत नोकरीला आहेत. तिथला पहिला हिवाळा जवळ आला की घरी फोन येतो, आणि मग वडील मला रस्त्यात गाठून विचारतात, “मास्तर, पोरगा गाडी घेतोय. पुढच्या चाकांची घेऊ दे का चारही चाकांची?” दुसरे विचारतात ते मनालीला सहकुटुंब जाणारे. आणि तिसरे, संख्येने सर्वांत अधिक, ज्यांना बर्फाशी काही कर्तव्य नाही. पण मृगाचा पाऊस पडला की ज्यांच्या वाडीचा रस्ता बंद होतो. तिघांचा प्रश्न वरवर निराळा दिसतो. मुळाशी तो एकच आहे, आणि त्याचे उत्तरही एकच आहे.

आपल्याकडचा हिवाळा गाडीला सोपा. हवा कोरडी, रस्ता कोरडा. पहाटेचे धुके आणि रात्री उसाने लादलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉल्या एवढीच काय ती काळजी. जे काम थंड मुलुखात बर्फ करतो, ते आपल्याकडे काळी माती करते. बालाघाटच्या माथ्यावर आणि उतारांवर काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली आहे. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतकऱ्याला ती सोने वाटते, आणि गाडीवानाला आषाढात तीच वैरीण होते. जुन्या मंडळींना आठवत असेल, पावसाळ्यात एसटी फाट्यापर्यंतच येई. पुढचे चार मैल डोक्यावर बोचके आणि हातात वहाणा. आज नांदेड-लातूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, अहमदपूर-चाकूर हा प्रवास किरकोळ झाला. पण महामार्ग सोडून पाणंदीत चाक घातले, की आजही आपण आजोबांच्याच काळात जातो.

आता मुद्द्याला हात घालतो. मोटारीचे चाक तीन कामे करते. ते गाडी ओढते, ते गाडी वळवते आणि ते गाडी थांबवते. यांपैकी ओढण्याचे काम इंजिनाच्या जोरावर होते. तो जोर दोन चाकांना द्यायचा की चार, पुढच्यांना द्यायचा की मागच्यांना, हे कारखाना ठरवतो. परंतु वळणे आणि थांबणे ही दोन्ही कामे चारही चाकांची असतात. मग गाडी कोणत्याही जातीची असो. आणि ही तिन्ही कामे अखेर कशावर चालतात? टायर जिथे जमिनीला टेकतो तेवढ्या तळहाताएवढ्या जागेवर. चार चाकांचे चार तळहात. दहा लाखांची गाडी आणि तिच्यातली पाच माणसे या चार तळहातांवर उभी असतात. इंजिन कितीही बलवान असले तरी त्या तळहाताची पकड सुटली की जोर फुकट जातो. इंजिनाचे ते ओढ. टायरचे ती पकड. हे दोन शब्द आपण मनात वेगळे ठेवले, तर आजचे व्याख्यान निम्मे झाले.

बैलगाडीच्या भाषेत सांगतो. लादलेली गाडी चिखलात रुतली, की आपण दुसऱ्याची बैलजोडी मागून आणतो आणि पुढे जुंपतो. दोनाचे चार बैल झाले, ओढ वाढली. गाडी निघते. पण तीच गाडी घाटातून उतरताना चार बैलांचा काय उपयोग? तिथे गाडीच बैलांना ढकलत असते. तिथे खुरांनी जमीन धरली पाहिजे. म्हणून तर आपण बैलांना पत्र्या मारतो. चार बैल म्हणजे चार चाकांची ओढ, आणि पत्री म्हणजे टायर. बैल वाढवण्यासाठी घर गहाण टाकायचे आणि पत्रीला दमड्या मोजायच्या, असा व्यवहार कोणी शहाणा शेतकरी करत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र तो आपण रोज करतो.

आता ओढीचे प्रकार पाहू. पहिला प्रकार, मागच्या चाकांच्या ओढीचा. जुनी अॅम्बेसेडर, जुनी फियाट, आपली एसटी, ट्रक, साधा ट्रॅक्टर, ही सगळी मागच्या चाकांवर चालणारी. यांत इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे. गाडी रिकामी असली की मागची बाजू हलकी राहते आणि ओलाव्यावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. हीच गाडी भरली की मागच्या चाकांवर भार येतो आणि ती मुकाट्याने चढण चढते. रिकामा टेम्पो चिखलात फसतो आणि दहा पोती टाकली की निघतो, हे आपण पाहिले आहे. जमिनीची पकड चाकावरच्या भाराच्या प्रमाणात वाढते, एवढेच त्याचे रहस्य.

दुसरा प्रकार, पुढच्या चाकांच्या ओढीचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ही जात आपल्या दारात पोचली. आज लहान मोटारींपैकी बहुतेक याच जातीच्या. इंजिन पुढे, ओढणारी चाकेही पुढे. गाडीच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या चाकांवर पडतो, म्हणून निसरड्या सपाटीवर ती रिकाम्या मागच्या-ओढीच्या गाडीपेक्षा बरी चालते. हिची खोड अशी, की तीच दोन चाके ओढतात आणि तीच वळवतात. ओढण्यात पकड खर्च झाली की वळवायला उरत नाही. चालक सुकाणू फिरवतो आणि गाडी सरळच जाते. शिवाय उभ्या चढावर भार मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात. डिकीत चार गोण्या टाकून बालाघाटचा ओला चढ चढून पाहा. गाडीवानाच्या भाषेत गाडी उलाळ होते. धुरजड असावे की उलाळ, हा हिशेब आपल्या गाडीवानांना शाळेत न जाता कळत होता. मोटारीला तो जसाच्या तसा लागू आहे.

तिसरा प्रकार चारही चाकांच्या ओढीचा, ज्याला आपण फोर बाय फोर म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीपने तो जगभर नेला, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या महिंद्र कंपनीने त्या जीपची जुळणी इथे सुरू केली. त्यात पुन्हा दोन पोटभेद आहेत. जीपच्या वंशात दांडी ओढून पुढची चाके जोडायची आणि काम झाले की सोडायची. ती जोडलेली असताना कोरड्या डांबरीवर गाडी चालवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर तोडत नाहीत, आणि त्यांची ओढाताण दात्यांवर येते. दुसऱ्या पोटभेदात गाडी आपण होऊन गरजेप्रमाणे जोर वाटून देते. बर्फाच्या मुलुखातल्या पुष्कळ घरगुती गाड्या या दुसऱ्या जातीच्या असतात.

इथे एक सावधगिरीची सूचना. आजकाल अंगाने उंच, तोंडाने रुबाबदार अशा गाड्या रस्त्यावर पुष्कळ दिसतात. त्यांतल्या बहुतेक प्रत्यक्षात दोनच चाकांच्या ओढीच्या आहेत. उंची वेगळी आणि ओढ वेगळी. उंच गाडीचे पोट दगडाला लागत नाही, हा तिचा खरा गुण. पण चिखलात तिची दोनच चाके झगडतात. गाडी घेताना रंग पाहण्यापूर्वी विक्रेत्याला सरळ विचारावे, “जोर कोणत्या चाकांना जातो?”

ओढीत आणखी एक गोम आहे, ती विभेदकाची, ज्याला कारागीर डिफरन्शियल म्हणतात. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून ही योजना. पण तिची वाईट बाजू अशी, की एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही त्याच्याइतकाच, म्हणजे नगण्य, जोर मिळतो. म्हणून एका चाकाखाली चिखल आणि दुसऱ्याखाली मुरूम असला तरी गाडी हलत नाही. ट्रॅक्टरला यावर पायाने दाबायचे कुलूप असते. ते दाबले की दोन्ही मागची चाके एकत्र फिरतात. सरळ जातानाच ते दाबावे आणि वळण्यापूर्वी सोडावे. आपल्या ट्रॅक्टरवाल्या मुलांपैकी किती जण ते वापरतात, हे त्यांनीच मनाला विचारावे.

आता पकडीकडे येतो, आणि इथे थोडे आकडे सांगण्याची परवानगी घेतो. कोरड्या डांबरी रस्त्याची पकड गाडीच्या वजनाच्या सुमारे सत्तर टक्के धरू. ओल्या रस्त्यावर ती पन्नासच्या आसपास येते, दाबलेल्या बर्फावर साध्या टायरला वीसच्या आसपास आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर दहा किंवा त्याहूनही कमी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून किती अंतरात उभी राहील? हिशेब केला तर कोरड्या रस्त्यावर १४ मीटर, ओल्यावर २०, बर्फावर ४९ आणि गोठलेल्या पाण्यावर ९८ मीटर. या हिशेबात गाडीला किती चाकांची ओढ आहे हा आकडा कुठेच येत नाही, हे कृपा करून ध्यानात घ्यावे. तो येतच नाही!

आता दोन गाड्या समोर ठेवू. पहिली चारही चाकांच्या ओढीची, पण साध्या टायरांची. बर्फावर तिची पकड वीस टक्के. दुसरी दोन चाकांच्या ओढीची, पण तिला खरे हिवाळी टायर. तिची पकड तीस टक्के धरू. चढावर काय होईल? पहिलीची चारही चाके ओढतात, म्हणजे तिला वजनाच्या वीस टक्के ओढ मिळाली. दुसरीच्या ओढणाऱ्या चाकांवर साठ टक्केच भार. तिला मिळाली अठरा टक्के. फरक फार थोडा. सपाटीवर आणि साध्या चढावर पहिली जरा पुढे निघेल, आणि तिचा मालक खूश होईल. आता दोघी उतरू लागल्या. शंभर मीटर जाताना बारा मीटर खाली जाणारा उतार आहे, वेग ताशी ३० किलोमीटर, आणि पुढे गाय आडवी आली. उतार स्वतःच बारा टक्के पकड खातो. दुसऱ्या गाडीकडे अठरा उरते. ती सुमारे २० मीटरांत थांबते. पहिलीकडे उरते आठ. तिला लागतात ४४ मीटर. चढ चढवणाऱ्या त्याच गाडीने उतारावर मालकाला दगा दिला. आणि दगा अधिक वाईट यासाठी, की चढावर ती इतकी बेमालूम चढली, की रस्ता निसरडा आहे हे त्याला कळलेच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९७ सालच्या भाद्रपदातली गोष्ट आहे. माझ्याकडे सैन्याच्या लिलावातून आलेली जुनी जीप होती. चारही चाकांच्या ओढीची. तिचा मला फार अभिमान. त्या वर्षी टायर बदलायचे होते. मागचे दोन रबर चढवलेले, पुढच्यांची नक्षी बोटाला लागेनाशी झालेली. पण टायरचे पैसे मी जीपच्या रंगाला आणि नव्या हुडाला घातले. एका रात्री डोंगरावरच्या वाडीतून माणूस धावत आला. तरण्या पोराला शेतात घोणस चावली होती आणि रस्ता चिखलाचा. मी निघालो. जीपने तो चढ असा चढला, की वाडीतली माणसे कौतुकाने पाहत राहिली. पोराला मागे निजवले, त्याचे वडील आणि आणखी दोघे बसले, आणि आम्ही उतरू लागलो. घाई होती. नाल्याच्या अलीकडच्या वळणावर मी ब्रेक दाबला; चाके थांबली, गाडी थांबली नाही. नांगरासारखी आडवी घसरत गेली आणि बाभळीला टेकून कलली. कोणाला लागले नाही. पण ट्रॅक्टर आणून जीप काढेपर्यंत आणि दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास जास्तीचे गेले.

तो मुलगा वाचला. त्याच्या पायाची दोन बोटे मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणला असता तर कदाचित वाचलीही असती. त्या ‘कदाचित’ला माझ्यापाशी उत्तर नाही. नाल्याकाठी अंधारात ट्रॅक्टरची वाट पाहताना त्या पोराच्या म्हाताऱ्या आज्याने कंदिलाच्या उजेडात माझे टायर हाताने चाचपले आणि इतकेच म्हटले, “मास्तर, वढायला चार चाकं हायती तुमच्या गाडीला. थांबायला येक बी न्हाई.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी मुलांना मोटार शिकवत होतो, आणि मोटारीचा पहिला धडा मला त्या रात्री एका निरक्षर माणसाकडून मिळाला.

आता टायरविषयी. बर्फाचा टायर आणि चिखलाचा टायर एकच, असा एक गैरसमज आहे. दोघांचा स्वभाव उलटा आहे. चिखलाच्या टायरला खोल, दूर-दूर ठेवलेले खांदे असतात, कारण त्याने चिखल उडवून टाकला पाहिजे. नक्षीत काळी माती भरून राहिली की टायर गुळगुळीत लोण्याचा गोळा होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावरची खापे पाहा. ती एका ठराविक दिशेनेच बसवायची असतात, म्हणजे चाक फिरताना माती मधून बाहेर सरकते. उलटी बसवली तर ती माती आत कोंबते. बर्फाचे तसे नाही. बर्फ बर्फाला चिकटतो. मुले गोळे करतात ते त्यामुळेच. म्हणून हिवाळी टायरच्या नक्षीत ब्लेडने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या बर्फ धरून ठेवतात आणि त्या बर्फाने रस्त्यावरचा बर्फ पकडतात. दुसरा भेद रबराचा. साध्या टायरचे रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली ताठरते. लोखंडी पत्रीसारखे वागते. हिवाळी टायरचे रबर त्या थंडीतही मऊ राहते. तोच टायर आपल्या मे महिन्यात लावला तर मेणासारखा झिजेल. असा हिवाळ्याचा वेगळा टायर १९३४ साली फिनलंडमधल्या रबराच्या कारखान्याने प्रथम ट्रकसाठी काढला. ज्यांच्या दाराशी वर्षातले कित्येक महिने बर्फ, त्यांनाच ते सुचावे हे योग्यच झाले.

परदेशी मुलांच्या आईवडिलांना माझे सांगणे असे. मुलाला सांगा, गाडी दोन चाकांच्या ओढीची असली तरी चालेल, आधी चार हिवाळी टायर घे. चार म्हणजे चारच. पुढच्या ओढीच्या गाडीला पुढचे दोनच चांगले टायर घालण्याचा मोह होतो. मग पुढचे पाय धरतात, मागचे सुटतात आणि उतारावर गाडी गिरकी घेते. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते, ती पाहून घे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर प्रवासी मोटारींना कायद्यानेच बंधनकारक आहेत. चारचाकी ओढीची गाडी आहे म्हणून तिथे सवलत नाही. त्या कायद्याने ओढ आणि पकड यांचा भेद ओळखला आहे. पैसे उरले, घर चढावर असले, रस्ता उशिरा साफ होत असला, तर मग चारही चाकांची ओढ जरूर घ्यावी. ती निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. तिचा क्रम दुसरा आहे, एवढेच.

मनालीच्या प्रवाशांना थोडक्यात सांगतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलात जाणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. बर्फ पडला की पोलीस पुष्कळदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. साखळ्या ओढणाऱ्या चाकांना लावायच्या. पुढच्या ओढीच्या गाडीला पुढे, मागच्या ओढीच्या गाडीला मागे. त्या लावून गाडी हळू हाकायची, आणि कोरडा रस्ता लागला की काढायच्या. अहमदपूरची गाडी अहमदपूरच्या टायरांवर तिकडे नेऊ नये. तिथल्याच गाडीत आणि तिथल्याच चालकाबरोबर बसावे. त्यात कमीपणा नाही.

आणि आता आपण, जे इथेच राहणार आहोत. महामार्गावर पावसात टायरचे काम पाणी बाजूला सारण्याचे. त्याच्या खाचा झिजल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग ना सुकाणू ऐकते, ना ब्रेक. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांना टेकली, की टायरचे आयुष्य संपले. मी तर म्हणेन, मृगापूर्वीच, नक्षी अजून चांगली असतानाच टायर पाहावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. फार जुना टायर नक्षी दिसत असली तरी दगडासारखा होतो. दोनच टायर नवे घ्यायची ऐपत असेल, तर ते मागे लावावेत, गाडी पुढच्या ओढीची असली तरी. पुढची चाके घसरली तर चालकाला कळते. मागची घसरली तर कळेपर्यंत उशीर होतो. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. मे महिन्यात भरलेली हवा पौषात आपोआप चार-पाच पौंडांनी उतरते; त्यात पंक्चरवाल्याचा दोष नाही, थंडीचा आहे.

वाडीवस्तीच्या मंडळींना दोन शब्द. चिखलात गाडी घालण्यापूर्वी उतरून पायाने रस्ता पाहावा. शेतात वाफसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही. मग पाणंदीत मोटार घालायची घाई का? घालावीच लागली तर खालच्या गियरात, एका लयीत, न थांबता जावे. चाक फिरू लागले की जोर वाढवू नये, कमी करावा. फिरणारे चाक स्वतःची कबर खणते. जुनी चाकोरी खोल असेल तर गाडीचे पोट टेकणार नाही ना, हे आधी पाहावे. उतारावर मात्र ब्रेकवर विसंबू नये. माथ्यावरच खालचा गियर टाकावा आणि इंजिनाला गाडी धरू द्यावी. चढताना ज्या गियरात चढलात त्याहून वरच्या गियरात उतरू नका, हा घाटातल्या जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. आणि ट्रॅक्टर घरात असेल, तर पावसाळ्यात रात्री त्यात तेल असू द्या आणि पोराला तो चालवता येऊ द्या. वाडीची रुग्णवाहिका पुष्कळदा तोच असतो.

कोणी म्हणेल, रस्ते चांगले झाले तर हे सारे सांगायची गरज काय? खरे आहे. पाणंदीला खडी-मुरूम मिळावा यासाठी ग्रामसभेत आपण जरूर भांडले पाहिजे. परंतु रस्ता होईपर्यंत पाऊस थांबत नाही आणि सापही थांबत नाही. तोवर आपल्या हातात जे आहे ते चोख ठेवणे हे आपले काम.

वेळ संपत आली. ही रक्कम आणि तो रंग यांचा मोह मला झाला तसा आपणांसही होईल. गाडी घेताना मन ओढीकडे धावते, कारण ओढ दिसते. ती चढावर मिरवता येते. पकड दिसत नाही. ती कामाला येते तेव्हा काहीच घडत नाही. गाय वाचते, माणूस घरी पोचतो, आणि त्याची बातमी होत नाही. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीच्या चारही टायरांवरून एकदा हात फिरवा. त्या आजोबांनी अंधारात तेवढेच केले होते आणि त्यांना सगळे कळले होते.